शेणकिड्याचं शूटिंग

"पप्पा, शेण कुठं मिळेल? ताजं पाहिजे."

रविवारी सकाळी, चहाच्या वेळी, उपमुख्याध्यापकाच्या घरात असा प्रश्न विचारला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण आमची राजनंदिनी सांगलीला फिल्म बनवण्याचा कोर्स करते आणि त्या कोर्समध्ये वडिलांच्या मताला जागा नाही. मी चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्या वर्गातल्या आवाजात विचारलं, "कशासाठी?"

"शेणकिड्यावर फिल्म करतेय. निसर्गावरच्या लघुपटांचा महोत्सव आहे ना."

स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींचा, म्हणजे मंगलचा आवाज आला, "फुलपाखरं संपली का गं?"

नंदिनीचं हे तिसरं फिल्मप्रकरण. पहिली फिल्म कोळ्यावर होती. आमच्या बाल्कनीच्या कोपऱ्यात एक कोळी जाळं विणायचा, त्याच्यासमोर ही दोन आठवडे कॅमेरा लावून बसली, आणि शेवटचा शॉट राहिला असताना मंगलने गौरीची साफसफाई काढली. दुसरी फिल्म खारीची. त्या खारीने माइकवरचं केसाळ कव्हर पळवून स्वतःच्या घरट्यात अंथरलं. पुढची सगळी फिल्म वाऱ्याच्या घोंगावण्यात बुडाली. कॉलेजातले सर म्हणाले, तुझ्या फिल्ममध्ये काही घडतच नाही, जरा माणसं घाल. तिच्या मामाने तर बी.एड.ची माहितीच पाठवून दिली. त्यावर नंदिनी एकदाच बोलली, "ही तिसरी फिल्म महोत्सवात निवडली गेली नाही, तर मी कोर्स सोडते आणि बी.एड.चा फॉर्म भरते. आता मध्ये कुणी बोलायचं नाही."

खरं म्हणजे मी बी.एड.च्याच बाजूचा माणूस. पण ती हे बोलली तेव्हा तिचा चेहरा असा काही झाला होता, की मी मुकाट्याने शेणाच्या शोधाला लागलो.

आमच्या मलकापुरात शेण मिळत नाही असं नाही. पण आमच्या सोसायटीत ते आणणं ही वेगळी गोष्ट. सरावासाठी म्हणून नंदिनीने बाल्कनीत एक घमेलंभर शेण ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर 'काही सभासद इमारतीत पशुपालन करत असल्याचे निदर्शनास आले आहे' असा संदेश झळकला. वरच्या मजल्यावरच्या अंबूबाई खाली येऊन म्हणाल्या, "सर, सिनेमाच काढायचाय तर एखादं गाणं घाला. पोरगी दिसायला बरी आहे." शेजारचे निवृत्त सुभेदार लालासाहेब मात्र खूश झाले. "किड्याला कळता कामा नये की आपण आलोय," असं म्हणत त्यांनी लष्करी ठिपक्यांची एक जुनी चादर नंदिनीला दिली आणि स्वतःला मोहिमेत भरती करून घेतलं. त्यांची जीप होती, त्यामुळे नाही म्हणता येईना.

एवढं होऊन बाल्कनीत किडा एकही आला नाही. आमच्याकडे चहूकडे ऊस आणि काँक्रीट. नंदिनीला हवा होता मोकळा माळ. मागे कॉलेजच्या सहलीत जत भागात तिने तो पाहिला होता. आणि जत म्हटल्यावर मला सिद्धू आठवला.

सिद्धू हा माझा जुना विद्यार्थी. वसतिगृहात राहून आमच्या शाळेत शिकला. दहावीला मराठीत काठावर सुटला आणि त्याचं सगळं श्रेय मला देऊन गावी गेला. आता तो वाडीचा उपसरपंच आहे. मी फोन केला तर रडायचाच बाकी राहिला. "सर, तुमी आमच्या वाडीला येनार? शूटिंगला? आवं, समदी वाडी उभी करतो!"

"वाडी उभी करायची गरज नाही. लहानशी फिल्म आहे. निसर्गावर."

इथे मला शेणकिडा हा शब्द उच्चारायचा होता. तो घशापर्यंत आलाही. पण ज्या मुलाला आपण वृत्तं आणि अलंकार शिकवले, त्याला 'शेणकिडा' कसा सांगायचा? मी 'निसर्ग' या शब्दावर थांबलो.

मग परवानगीचा प्रश्न आला. माळ गायरानाचा, म्हणजे ग्रामपंचायतीला अर्ज हवा. ग्रामसेवकाने फोनवर विचारलं, "प्राण्यांचा वापर आहे का?" मी म्हणालो, "आहे, पण अगदी लहान." मग जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला आणा म्हणाला. डॉक्टर म्हणाले, "किडा हे जनावर नाही, त्यामुळे दाखला देता येणार नाही." मी म्हणालो, मग तसंच लिहून द्या. ते म्हणाले, "जे जनावर नाही, त्याच्याबद्दल आम्हाला काहीच लिहून देता येत नाही." अखेर मी प्राण्यांचा मुद्दाच गाळला. अर्जात एक रकाना होता, 'कलाकार'. तिथे पुष्कळ विचार करून, सुवाच्य अक्षरात, मी लिहिलं, 'स्थानिक कलाकार'.

असत्य त्यात एक अक्षर नव्हतं.

सप्टेंबरातल्या एका रविवारी आम्ही पहाटे निघालो. सुभेदार जीप चालवत होते, नंदिनी मागे कॅमेऱ्याची बॅग मांडीवर घेऊन बसली होती आणि मी लांब झाडूच्या दांड्याला बांधलेला माइक खिडकीबाहेर जाऊ नये म्हणून धरून होतो. ऊस मागे पडला, ज्वारी आली, मग ज्वारीही विरळ झाली. माळ दिसायला लागला तशी नंदिनी पुढे वाकली. "पप्पा, पाऊस झालाय बघा इकडं. आज किडे निघणारच."

वाडीच्या वेशीवर फलक होता. त्यावर माझा फोटो. बहुधा शाळेच्या कुठल्याशा जुन्या अंकातला, डोक्यावर पुष्कळ केस असलेला. खाली लिहिलं होतं, 'सिनेमा जगतातील थोर गुरुवर्यांचे हार्दिक स्वागत'. जीप थांबली आणि ढोल आणि कैताळ, म्हणजे मोठ्या झांजा, सुरू झाल्या. पिवळ्या पागोट्यातली म्हातारी माणसं, नव्या लुगड्यातल्या बाया, पावडर लावलेली पोरं, सगळी वाडी रांगेत उभी. सिद्धूने माझ्या पायाला हात लावला आणि गळ्यात हार घातला. सुभेदारांनी सलामी स्वीकारल्यासारखा हात कपाळाला नेला.

"सर, आदी माळ बगा," सिद्धू अभिमानाने फुगला होता. "आठवडाभर वाडी राबतीया. समदा माळ झाडून काढला. एक लेंडी सापडली तर सांगा. शेण तर औषदाला न्हाई!"

आम्ही माळ पाहिला. खरोखर, इतका स्वच्छ माळ मी आयुष्यात पाहिलेला नाही. कडेने फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या होत्या. मधोमध रांगोळी होती. मोर होता तिच्यात.

नंदिनीने माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग तिने हळूच विचारलं, "सिद्धूदादा, मेंढरं?"

"ती पहाटंच पल्याडच्या रानात धाडली. शूटिंगात मधी मधी नगं."

"आणि म्हशी?"

"दावणीला. त्यांची काळजीच करू नगा ताई."

तेवढ्यात गर्दीतून सरपंच धोंडुबाई पुढे आल्या. साठी ओलांडलेल्या, उंच, हातात काठी. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मास्तर, आमी तयार हाय. अर्जात लिवलंय न्हवं, स्थानिक कलाकार? कुनी काय कराचं सांगा. ह्या बाया गजी नाच नाचत्यात. म्हातारा ओव्या म्हनतो. पर आदी सांगा, हिरो कोन?"

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मराठीचा शिक्षक म्हणून माझ्याकडे शब्दांचा मोठा साठा आहे, पण त्या क्षणी त्यातला एकही हाताला लागला नाही. मी माइकच्या दांड्याकडे बघत राहिलो.

"आजी, हिरो किडा आहे," नंदिनी म्हणाली. स्वच्छ आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "शेणाची गोळी करून ढकलत नेतो ना, तो. त्याच्यावर फिल्म करायचीय. माणसं त्यात नाहीत. तुम्हाला आधी नीट सांगायला पाहिजे होतं. माफ करा."

ढोल वाजवणाऱ्याचा हात वरच राहिला. कुणीतरी मागून कानडीत पुटपुटलं, "सगणी हुळा?" म्हणजे शेणकिडा, आणि हशा पिकला. पण धोंडुबाई हसल्या नाहीत.

"म्हंजी ह्या बाया कपाटातली लुगडी काडून बसल्यात, त्या शेनातल्या किड्यासाटी?"

सिद्धूची मान खाली गेली. वाडीत त्याने काय काय सांगून ठेवलं असेल, ते त्याच्या मानेवरून कळत होतं. धोंडुबाईंचा आवाज चढला. "आनि त्यो सिनेमा बाहीर लोक बगनार. काय बगनार? ह्या वाडीत शेन हाय आनि शेनात किडं हायेत! उद्या आमच्या पोरांना मुली कोन देनार? न्हाई व्हायाचं शूटिंग. जेवान केलंय, जेवा आनि माघारी जावा."

लोक पांगायला लागले. पोरांच्या तोंडावरची पावडर घामाने ओघळत होती. मी नंदिनीच्या कानात म्हणालो, "चल. अजून मानाने जाता येईल." अजून मान शिल्लक होता अशी माझी समजूत होती.

नंदिनीने बॅग खांद्यावरून काढली आणि जमिनीवर ठेवली.

"आजी, मला एक घमेलं शेण द्या आणि दिवस मावळेपर्यंत वेळ द्या. काढलेलं सगळं तुम्हाला दाखवते. त्यात वाडीला कमीपणा आणणारं काही दिसलं, तर कॅमेऱ्यातलं हे कार्ड तुमच्या हातात देईन. तुम्ही चुलीत घाला. मी परत येणार नाही."

"नंदू!" मी म्हणालो. कार्ड चुलीत म्हणजे फिल्म नाही, फिल्म नाही म्हणजे बी.एड. माझ्या मनासारखं होणार होतं, आणि मला ते नको होतं.

धोंडुबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "जिद्दीची दिसतीस," त्या म्हणाल्या. "बरं. दिवस मावळंस्तवर. पर शेन आमी देनार न्हाई. माळ झाडून झाडून बायांचं कंबरडं मोडलंय. मास्तरांनी गोळा करावं."

त्यापुढचा तास मी म्हशीच्या मागे उभा होतो. हातात घमेलं, गळ्यात हार. ती म्हैस अत्यंत संयमी होती. दहावीच्या वर्गावर मी अनेकदा वाट पाहिली आहे, पण प्रश्न विचारल्यावर तिथेसुद्धा कधी ना कधी कुणीतरी काहीतरी बोलतं. गोठ्याच्या भिंतीवरून बाया सल्ले देत होत्या. "पाठीवर हात फिरवा, मास्तर!" "आवं, हिरवी वैरन दावा!" सुभेदार म्हणाले, "सर, पोझिशन बदला, तुम्ही एकदम फायरिंग लाइनमध्ये आहात." नेमका त्याच वेळी आमच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. रविवारी कुठे आहात, असं त्यांनी सहज विचारलं.

"शेण..." मी म्हणालो आणि सावरलो, "शैक्षणिक कामात आहे, सर."

ते खूश झाले. म्हैसही त्याच क्षणी प्रसन्न झाली. घमेलं मी जरा उशिराच पुढे केलं, पण काम भागलं.

रांगोळीच्या मोरापासून थोडं लांब, उताराच्या पायथ्याशी नंदिनीने ते शेण ठेवलं आणि ठिपक्यांच्या चादरीवर पालथी पडून कॅमेरा लावला. ऊन चढलं. मी माइकचा दांडा धरून बसलो, सुभेदार दुर्बीण लावून बसले. शेण एकटंच पडलं होतं. माझ्या मनात आलं, आठवडाभर झाडलेल्या माळावर आता किडे तरी कशाला थांबले असतील? पण नंदिनी हलली नाही. जेवायला बोलावलं तरी उठली नाही. सिद्धूने भाकरीत पिठलं गुंडाळून आणून दिलं, ते तिने एका हाताने, डोळा कॅमेऱ्याला लावूनच खाल्लं.

आणि मग भुर्रकन आवाज करत एक काळा ठिपका आला.

"आला," नंदिनी कुजबुजली. सुभेदारांनी दुर्बीण सरसावली. "जवान लँड झाला."

तो किडा आधी शेणाच्या कडेला फिरला. मग त्याने डोक्याने एक लचका तोडला, पायांनी थापटला, फिरवला, पुन्हा थापटला. बघता बघता त्याच्याहून मोठी गुळगुळीत गोळी तयार झाली. पुढचे पाय जमिनीला टेकून, डोकं खाली, ढुंगण वर, असा तो मागच्या पायांनी ती गोळी ढकलत निघाला. तोही चढाने! सगळा सपाट माळ मोकळा सोडून हा उतार चढत होता. वीतभर गेला आणि गोळीसकट गडगडत खाली आला. पुन्हा निघाला. पुन्हा खाली.

माझ्या मागे काहीतरी खुसखुसलं. वळून पाहिलं तर सिद्धू. त्याच्या मागे ढोलवाला. त्याच्या मागे दोन बाया. हळूहळू अर्धी वाडी येऊन चवड्यांवर बसली होती. कुणी बोलत नव्हतं. नंदिनीने न बघताच तोंडावर बोट ठेवलं होतं. गोळी गडगडली की सगळ्यांच्या तोंडून एकदम "चक्" निघे. ते माझ्या माइकमध्ये जाई, पण मी काय करणार? मीही चक् करत होतो.

किडा जवळजवळ वर पोचला होता, तोच दुसरा एक उडत आला आणि गोळीला भिडला. सरळ सरळ चोर. दोघांची झोंबाझोंबी जुंपली.

"भावकीतलाच असनार," मागून एक म्हातारा म्हणाला.

"त्यानं येवढं राबून केलं आनि ह्यो आयतोबा!" हा आवाज धोंडुबाईंचा होता. त्या केव्हा आल्या कळलंच नाही. त्या गुडघ्यावर बसल्या आणि काठीचं टोक पुढे केलं. "थांब, ह्याला बाजूला काडती."

"आजी, नका!" नंदिनी म्हणाली.

"आगं पर अन्याव हाय ह्यो! मी सरपंच हाय हितली!"

"आहेच अन्याय. पण त्याचं त्याला करू द्या."

धोंडुबाईंनी काठी मागे घेतली. सोपं गेलं नाही त्यांना; बोटं काठीवर आवळलेली होती. आमच्या गड्याने चोराला उताणं पाडलं. चोर उडून गेला. धोंडुबाईंनी तोंडाला पदर लावून, आवाज न करता, मूठ वर केली.

तेवढ्यात धूळ दिसली.

पल्याडच्या रानात धाडलेली मेंढरं परत येत होती. संध्याकाळ जवळ आली की मेंढरं घराकडे निघतात, त्यांना शूटिंगचं काय? शेकडो मेंढरांचा लोंढा थेट आमच्या उताराकडे. किडा चढाच्या शेवटच्या टप्प्यावर, गोळी त्याच्या पायांवर तोललेली. नंदिनीने एकदा मान वर केली. पण तिने कॅमेरा सोडला नाही. "पप्पा," ती एवढंच म्हणाली.

मी उठलो आणि काय करावं न सुचून किड्यासमोर उभा राहिलो. एकट्या माणसाने मेंढरं थांबत नाहीत, हे त्याच वेळी माझ्या लक्षात आलं.

"बगत काय बसलाय?" धोंडुबाई कडाडल्या. "उटा! रिंगान करा!"

आणि वाडी उठली. नव्या लुगड्यातल्या बाया, पागोटी, पोरं, ढोलवाला ढोलासकट, सगळे किड्याभोवती आणि नंदिनीभोवती गोल करून उभे राहिले. तोंडं बाहेर, पाठी आत, पायाला पाय लावून. सुभेदार ओरडत होते, "कोई नहीं हिलेगा!" धोंडुबाई गोलाच्या टोकावर काठी आडवी धरून आपल्याच मेंढरांना शिव्या घालत होत्या. लोंढा आला, आमच्यावर धडकला, बिचकला आणि दुभंगून दोन्ही अंगांनी निघून गेला. धुळीत मला काही दिसत नव्हतं. मागून फक्त नंदिनीचा आवाज येत होता. "चढला... चढला... थांबला... माती उकरतोय... गेला. पप्पा, गोळी घेऊन आत गेला!"

धूळ बसली तेव्हा उताराच्या माथ्यावर मातीचा एक छोटा उंचवटा होता, बाकी काही नाही.

दिवस टेकला होता. नंदिनीने कपडे झटकले आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळं काढलेलं धोंडुबाईंना दाखवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत पाहिलं. नंदिनीने कार्ड काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. धोंडुबाईंनी ते उलटसुलट केलं आणि तिच्या हातात परत कोंबलं.

"वाडीचं नाव मोठ्या अक्षरात घाल," त्या म्हणाल्या. "आनि त्या चोराचा भाग कापू नगं. लोकांना कळू दे."

फिल्म महोत्सवात निवडली गेली. मंगलने आपल्या भावाला स्वतः फोन करून बी.एड.चा विषय बंद केला. कार्यक्रमाच्या दिवशी सांगलीच्या नाट्यगृहाबाहेर एक टेम्पो येऊन थांबला आणि त्यातून सगळी वाडी उतरली, त्याच नव्या लुगड्यांत. मी मधल्या रांगेत होतो. आमचे मुख्याध्यापक पुढच्या रांगेत होते. शैक्षणिक कामात त्यांना आता विशेष रस निर्माण झाला होता.

फिल्म मोठ्या पडद्यावर सुरू झाली. किडा बैलाएवढा दिसत होता. शेवटच्या भागात, तो चढाचा टप्पा चढताना, त्याच्या मागे झाडांच्या खोडांसारखं काहीतरी दिसायला लागलं. पाय. पायच पाय. पैंजण घातलेले, भेगाळलेले, कोल्हापुरी चपलांतले, अनवाणी. आणि त्यांच्या पलीकडून धूळ. नाट्यगृहाच्या मागच्या बाजूने कुजबुज सुरू झाली. "त्यो माजा!" "पैंजन बग, रंगूचं!" "गप गं, किड्याकडं बग!"

दुसरा क्रमांक मिळाला. बक्षीस देताना परीक्षक म्हणाले, "उत्तम काम. पहिला क्रमांक थोडक्यात हुकला. निसर्गावरच्या फिल्ममध्ये माणसांचे पाय यायला नको होते. तेवढा एक दोष राहिला."

नंदिनी माइकपाशी उभी होती. "सर, ते पाय नसते तर फिल्मच नसती," ती म्हणाली.

परीक्षक काही बोलणार तोच मागून खुर्ची करकरली. धोंडुबाई उभ्या राहिल्या होत्या.

"पाय आमचं हायेत," त्या म्हणाल्या. "काय अडचन?"

सगळं नाट्यगृह मागे वळलं. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "नाही, अडचण तशी काही नाही," ते म्हणाले. "सगळे पाय कसे स्तब्ध आहेत, ते सुंदरच आहे. फक्त डावीकडचा एक बूट सारखा हलत होता. लक्ष तिकडे जातं."

वाडीतले सगळे एकमेकांच्या पायांकडे बघायला लागले. त्या वाडीत त्या दिवशी बूट घातलेला माणूस फार तर एखाद-दुसरा असेल, आणि सुभेदारांचा पाय कधी हलत नाही. पुढच्या रांगेतून मुख्याध्यापक मान वळवून बघत होते.

मी उभा राहिलो.

"तो माझा," मी म्हणालो. "पँटीत मुंग्या शिरल्या होत्या. पण मी जागा सोडली नाही."